वीस महिन्यांचा मुलगा बोलत नाही: थांबायचं की दाखवायचं?

तासगाव तालुक्यातल्या एका आईने विचारलंय. मुलगा २० महिन्यांचा. तेराव्या महिन्यात चालला, दात वेळेवर आले, खाणंपिणं ठीक. वर्षाचा असताना ‘बाबा’ आणि ‘काऊ’ म्हणायचा, ते दोन्ही शब्द गेल्या तीन-चार महिन्यांत बंद झाले. हाक मारली तर बघत नाही, पण आतल्या खोलीत मोबाईलवर गाणं लागलं की धावत येतो. सासूबाई म्हणतात, ‘याचा बापबी तीन वर्षांनीच बोलला, काय होत नाय.’ आता हे मोबाईलमुळे झालं, की हा ऑटिझम (स्वमग्नता) आहे, आणि अजून किती दिवस वाट बघायची?

ताई, शेवटचं आधी सांगतो. वाट बघू नका, या आठवड्यात दाखवा. बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल.

सांगलीत मुलांच्या विकासाची ओपीडी चालवताना वीस-बावीस वर्षं झाली. पत्रावरून निदान मी कधीच केलेलं नाही आणि आताही करत नाही. पण तुमच्या चार ओळींत दोन गोष्टी अशा आहेत की त्या वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. एक म्हणजे आलेले शब्द गेले. मूल उशिरा बोलतं ते वेगळं आणि बोलायला लागलेलं मूल गप्प होतं ते वेगळं. आलेलं बोलणं, हसणं, टाटा करणं किंवा बसणं-उभं राहणं गेलं, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा. घरात दुसरं बाळ आलंय, गाव बदललंय, ताप येऊन गेलाय अशी कारणं आपण लगेच शोधतो. ती खरीही असतील, पण ती तपासणीनंतर.

दुसरी गोष्ट हाकेची. मोबाईलचं गाणं ऐकू येतं म्हणजे कान चांगले, असा घरात सगळ्यांचा हिशेब असतो. इथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत दीड वर्षाची एक मुलगी आली होती, बोलत नाही म्हणून. मी तिच्या मागे जाऊन टाळी वाजवली, ती वळली. मी आईला म्हटलं, ‘कान ठीक आहेत, थांबू थोडे दिवस.’ ती पुन्हा आली तेव्हा साडेतीन वर्षांची होती. तपासणीत दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. त्या दिवशी ती वळली ती माझ्या हाताची सावली भिंतीवर हलली म्हणून. मुकी-बहिरी म्हणतात ती मुलं डोळ्यांनी इतकी तल्लख असतात की घरच्यांना आणि डॉक्टरांना सहज चकवतात. ताट पडलं की वळतात, कारण फरशी हादरते. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, जितक्या लहान वयात होईल तितकं बोलणं चांगलं येतं. त्या मुलीची दोन वर्षं माझ्या एका टाळीपायी गेली. त्यानंतर मी कोणत्याही मुलाचं ऐकणं टाळ्या-खुळखुळ्यांवर ठरवलेलं नाही.

शिवाय ऐकण्यात ‘येतं’ किंवा ‘येत नाही’ असे दोनच कप्पे नसतात. ढोल ऐकू येईल पण ‘स’, ‘श’, ‘फ’ ऐकू येणार नाहीत, असंही होतं. त्यामुळे पहिली तपासणी कानाची. ओएई आणि बेरा अशी दोन नावं लक्षात ठेवा. बेरा मूल झोपेत असताना करतात, दुखत नाही. मूल जन्मानंतर काचेच्या पेटीत होतं, कावीळ खूप चढली होती, वजन फार कमी होतं किंवा आईवडिलांचं लग्न नात्यातलं असेल, तर ही तपासणी खरं म्हणजे जन्मानंतर महिन्याभरातच व्हायला हवी. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न ही नवलाई नाही. म्हणून ओपीडीत ‘नात्यात दिलंय का?’ हा माझा ठरलेला प्रश्न असतो. लोकांना राग येतो, पण जन्मजात बहिरेपणाची काही कारणं त्याच वाटेने येतात.

आता ऑटिझमचं. घरोघरी शब्द मोजतात. ‘आमचा दहा बोलतो, जावेचा पन्नास बोलतो.’ मी शब्दांच्या आधी बोट बघतो.

साधारण नऊ महिन्यांपासून सव्वा वर्षापर्यंत मूल बोट दाखवायला शिकतं. आधी हवं ते मागायला: पाण्याचा तांब्या, फळीवरचा डबा. मग, आणि हे फार मोलाचं, नुसतं दाखवायला. अंगणात कावळा बसला, रस्त्याने बैलगाडी चालली, तर मूल बोट करतं, आवाज काढतं आणि मान वळवून आईकडे बघतं. त्याला कावळा नको असतो, बैल नको असतो. ‘तू पण बघितलंस ना?’ एवढंच त्याला विचारायचं असतं. दीड वर्षापर्यंत बहुतेक मुलं हे करतात. बोलण्याची मुळं या मान वळवण्यात असतात. शब्द कमी पण हे सगळं भरपूर, तर माझी काळजी कमी होते. शब्द आहेत, एबीसीडी आणि शंभरपर्यंत आकडे येतात, पण हे नाही, तर काळजी वाढते. अशा मुलांचं घरी कौतुक होत असतं, त्यामुळे ती उशिराच येतात.

माझ्या टेबलाच्या खणात एक पारदर्शक डबा आहे, घट्ट झाकणाचा, आत चिक्कीचा तुकडा. मूल खोलीत रुळलं की मी तो त्याच्या हातात देतो आणि गप्प बसतो. एक मूल झाकणाशी झटापट करतं, जमलं नाही की डबा माझ्याकडे किंवा आईकडे सरकवतं आणि चेहऱ्याकडे बघतं. दुसरं मूल आईचं मनगट धरतं आणि तिचा हात झाकणावर नेऊन ठेवतं, पाना-पक्कड वापरावी तसा. चेहऱ्याकडे बघतच नाही. गेल्या महिन्यात एकाने असं केलं तेव्हा त्याची आई कौतुकाने म्हणाली, ‘घरी पण असंच करतो, हुशार आहे, मला धरून फ्रिजपर्यंत नेतो.’ हुशार होताच तो. मला फक्त एवढंच बघायचं होतं की फ्रिजपर्यंत नेताना तो एकदा तरी वर बघतो का.

डबा एकट्याने काही ठरवत नाही. त्याच्यासोबत इतर गोष्टी बघाव्या लागतात: नावाने हाक मारल्यावर वळणं (नऊ-दहा महिन्यांपासून यायला हवं), टाटा, ‘जय बाप्पा’, टाळ्या अशा हातवाऱ्यांची नक्कल, खोटाखोटा फोन कानाला लावणं, बाहुलीला भरवणं. गाडी चालवायची सोडून चाक फिरवत तासभर बसणं, पंख्याकडे एकटक बघणं, हात फडफडवणं, टाचा उचलून चालणं, मिक्सरच्या आवाजाला कान झाकणं याही खुणा विचारतो. पण यातली एखादी धडधाकट मुलांतही दिसते, त्यामुळे एकट्या पंख्यावरून घाबरू नका. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची २० प्रश्नांची चाळणी आहे. ती चाळणी आहे, निकाल नाही. तिच्यात अडकलेल्या प्रत्येकाला ऑटिझम असतो असं नाही, पण त्यातल्या बऱ्याच जणांना दुसरी कसली ना कसली मदत लागतेच.

बोलण्याचे आकडेही देतो, नाहीतर तुम्ही ते कुठून तरी चुकीचे घ्याल. सहा ते नऊ महिन्यांत ‘बाबाबा, दादादा’. वर्षाच्या आसपास एखादा अर्थाचा शब्द. १६ महिने झाले आणि एकही शब्द नाही, किंवा दोन वर्षं झाली आणि ‘पाणी दे’, ‘बाबा गेला’ असे दोन शब्द स्वतःहून जोडत नाही, तर दाखवायचं. टीव्हीवरची जाहिरात जशीच्या तशी म्हणणं यात धरायचं नाही.

चालण्या-बसण्याबद्दल मात्र लोक उगाच जास्त घाबरतात. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास केला, त्यात आपली दिल्लीची मुलंही होती. आधाराशिवाय चालण्याचा काळ ८.२ पासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेला निघाला. म्हणजे शेजारचा दहाव्या महिन्यात चालला आणि आपला पंधराव्यात, तर दोघेही ठीक. त्याच अभ्यासात शंभरातली चारेक मुलं रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. तेव्हा ‘रांगला नाही, दोष राहील’ हे सोडून द्या. पण १८ महिने पूर्ण झाले आणि चालत नाही, तर तपासणी हवीच. मुलगा असेल तर मी सीपीके ही रक्ताची साधी तपासणी करून घेतो, कारण स्नायूंचा डुशेन नावाचा आजार मुलग्यांतच जास्त दिसतो आणि सुरुवातीला तो ‘जरा उशिरा चालला, पोटऱ्या मात्र पैलवानासारख्या’ असा दिसतो.

आणखी एक खूण घरी कौतुकात हरवते. सात-आठ महिन्यांचं बाळ सगळं उजव्या हातानेच घेतं, आजोबा खूश, ‘डावरा नाही बघा!’ वर्षाच्या आत मूल उजवं-डावं ठरवत नाही. एकच हात वापरत असेल तर दुसरी मूठ उघडून बघा. ती सतत मिटलेली, अंगठा आत, हात कडक लागला, तर ती मेंदूच्या त्रासाची खूण असू शकते. चौथ्या महिन्यानंतरही मान लटकते, लंगोट बदलताना पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात, या खुणाही त्याच घरातल्या. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या मुलाचं वय मात्र दोन वर्षांपर्यंत दुरुस्त करून मोजायचं. आठ आठवडे आधी आलं असेल तर दहा महिन्यांच्या बाळाकडून आठ महिन्यांच्या अपेक्षा ठेवायच्या.

आणि तो गोल चाकांचा वॉकर कोणी बारशाला दिला असेल तर माळ्यावर टाका. त्यात मूल लवकर चालत नाही, उलट पायऱ्यांवरून पडतं. आपला जुना लाकडी पांगुळगाडा बरा. त्याला धरून मूल निदान स्वतःच्या पायावर उभं तरी राहतं.

शब्द गेले म्हणजे ऑटिझमच, असंही धरून बसू नका. आणखी काही गोष्टी बघाव्या लागतात. झटके येत असतात पण ते झटके आहेत हे कळत नाही. मूल क्षणभर टक लावून थांबतं किंवा मान टाकतं. थायरॉइड कमी असतं. मुलींमध्ये रेट सिंड्रोम असतो, त्यात हात धुतल्यासारखे चोळत राहतात. आणि आपल्याकडे विसरलं जाणारं कारण म्हणजे बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. आई शाकाहारी, दूधदही जेमतेम, आणि मूल वर्ष-सव्वा वर्षापर्यंत जवळजवळ अंगावरच. असं बाळ फिकट पडतं, केस विरळ तांबूस होतात, बोटांची पेरं काळवंडतात, हसणं बंद होतं, बसलेलं बाळ पडून राहायला लागतं, कधी हातपाय थरथरतात. बी-१२ दिलं की काही दिवसांतच चेहऱ्यावर जीव येतो, बाळ आईकडे बघून हसतं. इतक्या लवकर गुण दिसणारे आजार माझ्या कामात फार थोडे आहेत, म्हणून ते सुटले की जास्त हळहळ वाटते. तुमचा मुलगा खातो-पितो म्हणता, तरी हिमोग्लोबिन आणि बी-१२ बघून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली, म्हणजे ‘आमचा धष्टपुष्ट आहे’ यावर जाण्यात अर्थ नाही.

लसीमुळे झालं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण घरी कोणीतरी म्हणेलच. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत असतो आणि ऑटिझमच्या खुणा नेमक्या त्याच वयात ठळक होतात, म्हणून दोन्ही एकमेकांना चिकटतात. १९९८ साली असा दावा करणारा लेख इंग्लंडमध्ये छापला गेला होता. तो खोटा ठरून २०१० साली त्याच नियतकालिकाने मागे घेतला. लस चुकवू नका.

मोबाईलबद्दल माझं मत जरा अडचणीचं आहे. मोबाईलने ऑटिझम होत नाही. पण बोलणं हा देवाणघेवाणीचा खेळ आहे. मूल ‘आ’ करतं, आई ‘काय रे?’ म्हणते, ते परत ‘आ’ करतं. मोबाईल नुसता देतो, घेत काहीच नाही. दिवसाचे चार तास त्यात गेले तर तेवढा खेळ बुडाला. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं दोन वर्षांखाली अजिबात स्क्रीन नको असं आहे, आजी-काकाशी व्हिडिओ कॉल तेवढा चालतो. तेव्हा मोबाईल आजच बंद करा. पहिले तीन-चार दिवस घर डोक्यावर घेईल, जेवणार नाही, उपाशी मात्र राहणार नाही. पण ‘मोबाईल बंद करून सहा महिने बघू’ असं करू नका. बंद करणं आणि दाखवणं दोन्ही एकदम.

विटा-खानापूर-आटपाडीकडची गलाईची (सोनं-चांदी गाळायच्या धंद्यातली) माणसं अजून एक विचारतात: आम्ही कोईमतूरला, बाहेर तमिळ, घरात मराठी, म्हणून पोरगं गोंधळलंय का? नाही. दोन भाषांत वाढणारं मूल दोन्हीकडे मिळून शब्द गोळा करतं, मोजायचे तर दोन्हीकडचे मिळून मोजा. बोट दाखवायला तर कुठलीच भाषा लागत नाही. मराठी सोडून मोडकं इंग्रजी बोलायला सुरुवात करणं हा तर मला सगळ्यात दुखणारा सल्ला वाटतो. जी भाषा तुमच्या तोंडात सहज येते त्याच भाषेत मुलाशी बोला.

सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. उशिरा बोलणं घराण्यात चालतं हे खरं आहे. काही मुलं तीन वर्षांनी घडाघडा बोलतात हेही खरं. अडचण अशी की थांबणाऱ्या दहांतले कोणते आपोआप बोलतील हे आधी कळत नाही, आणि जे बोलणार नाहीत त्यांची मेंदूच्या वाढीची सर्वांत चांगली वर्षं थांबण्यात जातात. त्यांना एक विचारा: ‘बाबा बोलत नव्हते तेव्हा बोट दाखवायचे का, हाकेला वळायचे का?’ बहुतेक आज्यांना हे लख्ख आठवतं. ‘व्हय, समदं कळायचं त्याला, निस्तं बोलायचा नाय,’ असं उत्तर आलं तर तुमच्या मुलाचं चित्र वेगळं आहे हे त्यांनाही तिथेच उमगतं. जिभेला वेखंड लावू नका, आणि कोणी जिभेखालची तार कापायला सांगितली तर थांबा. ती तार आखूड असली तर काही उच्चार बिघडतात, पण तिच्यामुळे मूल हाकेला वळायचं थांबत नाही. आणि तुमच्या माराने, नोकरीने, दुर्लक्षाने हे झालं असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. आईला दोषी धरणारा विचार वैद्यकात एकेकाळी होता, तो कधीच बाद झालाय.

कुठे जायचं? आधी तुमचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ. ‘बोलेल हो’ म्हणून त्यांनी परत पाठवलं तर नम्रपणे म्हणा, ‘शब्द गेलेत, बेरा लिहून द्या.’ खर्चाची अडचण असेल तर २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर डीईआयसी या, लहान मुलांच्या विकासातल्या अडचणी लवकर बघणाऱ्या केंद्राची सोय आहे. अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना विचारा, त्या चिठ्ठी देतील. ऊसतोडीला आलेल्या टोळ्यांची मुलं या पथकाच्या हाती फारशी लागत नाहीत. तुमच्या शिवारात अशी कोप्या टाकलेली मंडळी असतील तर पथक येईल त्या दिवशी त्यांनाही हाक मारा. पुढे निदान पक्कं झालंच तर ऑटिझम २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, निघतं. पण ते पुढचं.

निदानाच्या कागदासाठी थेरपी थांबवायची नसते, हे मात्र नीट ऐका. कानाची तपासणी झाली की स्पीच थेरपी आणि घरचा खेळ सुरू करता येतो, नाव नंतर ठरलं तरी चालतं. थेरपिस्ट आठवड्यातून दोन तास देणार, उरलेला आठवडा तुमच्याकडे आहे. जमिनीवर त्याच्यासमोर बसा, तुमचा चेहरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीला येईल असं. तो गाडीचं चाक फिरवतोय तर तुम्हीही दुसऱ्या गाडीचं चाक फिरवा, एकदा थांबा, बघतो का बघा. भाकरी एकदम देऊ नका, तुकडा द्या आणि पुढच्या तुकड्यासाठी तीन-चार सेकंद थांबा. त्याने बघितलं, हात पुढे केला, आवाज काढला, काहीही केलं की लगेच ‘भाकरी!’ म्हणून द्या. ‘हे काय? म्हण काऊ! म्हण ना!’ अशी परीक्षा नको. तुम्हीच म्हणा, ‘काऊ आला. काऊ उडाला.’

डॉक्टरकडे जाताना जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचं कार्ड आणि जुने व्हिडिओ न्या, वर्षाच्या वाढदिवसाचा असेल तर तो जरूर. त्यात तो हाकेला वळत होता का, केककडे बोट करत होता का, हे डॉक्टरला अर्ध्या तासाच्या तपासणीपेक्षा जास्त सांगेल. आत्ताचेही दोन-तीन काढा, एक जेवतानाचा, एक एकटा खेळतानाचा, एक तुम्ही मागून हाक मारतानाचा. फक्त काढणारं माणूस लांब उभं राहू दे. मोबाईल दिसला की तो सगळं सोडून त्याच्याकडेच येईल.